रेव्ह. नारायण शेषाद्री व जालन्याचे बेथेल

देशात गडबड उडाली, पाऊस लागला नाही, जातीजातींत तेढ वाढली किंवा ख्रिस्ती नावाविषयी गावात कुजबुज सुरू झाली, म्हणजे आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत एक प्रश्न हटकून निघतो. तो हा की, अशा वेळी ख्रिस्ती मनुष्याने काय करावे? कोणी म्हणतात, आपले राज्य या जगाचे नाही, तेव्हा देशाच्या सुखदुःखाशी आपला संबंध काय? कोणी तरुण रागावून म्हणतात, जे आम्हांस परके म्हणतात त्यांच्याशी आम्हीही परक्यासारखेच वागू. आणि पुष्कळजण असे असतात की, कोणी मोठा मनुष्य, सरकार किंवा मिशन येऊन आपले संकट दूर करील, अशी वाट पाहत ओटीवर बसून राहतात.

आमच्या मते या प्रश्नाचा उलगडा वादविवादाने जितका होतो, त्याहून अधिक एखाद्या विश्वासू सेवकाच्या चरित्राने होतो. म्हणून या अंकी आम्ही कैलासवासी रेव्ह. डॉ. नारायण शेषाद्री यांची हकीगत आमच्या वाचकांपुढे ठेवीत आहो. जालना जिल्ह्यातील बंधुभगिनींस हे नाव नवे नाही. परंतु नाव ठाऊक असणे निराळे आणि त्या नावामागील मनुष्य ठाऊक असणे निराळे. उपदेशक बंधूंनी ही हकीगत संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर मंडळीस वाचून दाखवावी, अशी आमची विनंती आहे.

विद्यार्थिदशा व बाप्तिस्मा

नारायण शेषाद्री हे ब्राह्मण कुळात जन्मले. त्या काळी मुंबईत स्कॉटिश मिशनची एक नामांकित शाळा होती. डॉ. जॉन विल्सन साहेब १८२९ साली मुंबईस आले व १८३२ साली त्यांनी जी शाळा काढली, तीच पुढे वाढत वाढत विल्सन कॉलेज या नावाने प्रसिद्ध झाली. त्यांचे सोबती रेव्ह. रॉबर्ट नेस्बिट यांच्या मराठी भाषेची मोठी ख्याती होती. हे दोघे गुरू विद्यार्थ्यांस गणित, इतिहास व पदार्थविज्ञान शिकवीत आणि त्याबरोबर पवित्र शास्त्रही उघडून दाखवीत. चांगली इंग्रजी विद्या मिळते म्हणून ब्राह्मण, प्रभू, पारशी अशा सर्व प्रतिष्ठित घराण्यांतील मुले तेथे येत असत.

ही विद्या मुलांच्या अंतःकरणापर्यंत पोचेल, असे आईबापांस वाटत नव्हते. परंतु १८३९ साली धनजीभाई नवरोजी व होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांचा बाप्तिस्मा झाला आणि मुंबई शहर हादरून गेले. प्रकरण न्यायासनापुढे गेले, शाळेतून मुले भराभर काढून नेण्यात आली, व वर्ग ओस पडले. हे सर्व नारायणरावांच्या पिढीच्या डोळ्यांदेखत घडले होते. तेव्हा बाप्तिस्म्याची किंमत काय द्यावी लागते, हे त्यांस पुरते ठाऊक होते. घर, वतन, वारसा, जेवणाची पंगत, आईच्या हातचा घास, यांपैकी काहीही शिल्लक राहावयाचे नव्हते. धर्मांतर केलेल्याचा वारसाहक्क बुडू नये असा कायदा झाला तो १८५० साली, म्हणजे पुढे सात वर्षांनी.

असे असता १८४३ सालच्या सप्टेंबर महिन्यात नारायणरावांनी नेस्बिट साहेबांच्या हातून बाप्तिस्मा घेतला. त्याच वर्षी स्कॉटलंडात मंडळीच्या स्वातंत्र्याच्या प्रश्नावरून मोठी फूट पडली होती आणि शेकडो पाळकांनी सरकारमान्य मंडळीतील पगार व घरे सोडून स्वतंत्र मंडळी स्थापिली होती. विल्सन व नेस्बिट साहेबांनीही तोच मार्ग धरिला. ज्या वर्षी गुरूंनी सदसद्विवेकास साक्ष ठेवून आपल्या पायाखालची जागा सोडली, त्याच वर्षी शिष्याने आपले घर सोडले. शिक्षण तोंडच्या शब्दांनी जितके होते, त्याहून अधिक गुरूच्या वर्तनाने होते, हे आमच्या शाळामास्तरांनी व उपदेशकांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

धाकट्या भावाचे प्रकरण

नारायणरावांचा श्रीपत नावाचा एक धाकटा भाऊ होता. तोही मिशनच्या घरी येऊन राहिला व त्यांच्याबरोबर जेवला. तो सुमारे बारा वर्षांचा होता. वडिलांनी न्यायालयात दाद मागितली. न्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांनी मुलगा अजाण आहे असे ठरवून त्यास वडिलांच्या ताब्यात दिले. अशा रीतीने एक भाऊ ख्रिस्ताच्या कळपात आला आणि दुसरा रडत परत गेला.

परंतु प्रकरण तेथेच मिटले नाही. मुलगा घरी आला खरा, पण त्याने मिशनच्या घरचे अन्न खाल्ले होते. त्यास जातीत घ्यावे की न घ्यावे, यावर मुंबईच्या हिंदू समाजात मोठा वाद माजला. दर्पण पत्राचे संपादक बाळशास्त्री जांभेकर यांच्यासारख्या थोर विद्वानांचे म्हणणे असे की, प्रायश्चित्त देऊन मुलास परत घ्यावे. जुन्या मताच्या लोकांस हे मुळीच मान्य नव्हते. मुलास पदरात घेऊ पाहणाऱ्या बाळशास्त्रींसही पुष्कळ विरोध सोसावा लागला. एका अजाण मुलाच्या दोन घासांवरून सारे शहर दोन तट होऊन भांडत राहिले.

या प्रकरणाकडे आम्ही दोन दृष्टींनी पाहतो. एक तर त्या वेळच्या समाजाचे दुखणे किती खोल होते, हे यावरून दिसते. ज्या देशात मुलाने कोठे जेवावे यावर इतका कोलाहल होतो, त्या देशात ज्यांना कोणाच्याच पंगतीत जागा नाही अशा लक्षावधी माणसांचे काय होत असेल? नारायणरावांच्या पुढील आयुष्याचे सारे कार्य याच प्रश्नाचे उत्तर आहे. दुसरी गोष्ट अशी की, घरच्यांकडून व जातीकडून इतकी ताटातूट सोसूनही ते आपल्या लोकांचे वैरी झाले नाहीत. मराठी भाषा, पागोटे व देशी पोशाख त्यांनी शेवटपर्यंत टाकिला नाही. ख्रिस्ती होणे म्हणजे साहेब होणे, असा समज त्या काळी मित्रांचाही होता व शत्रूंचाही होता. नारायणरावांनी तो आपल्या वागण्याने खोडून काढिला.

दीक्षा, व बंडाचा काळ

बाप्तिस्म्यानंतर त्यांनी मुंबईस अध्यापन व उपदेश करीत शास्त्राचा अभ्यास पुरा केला आणि १८५४ साली त्यांस पाळकपणाची दीक्षा मिळाली. पुढच्याच वर्षी त्यांचे गुरू नेस्बिट साहेब मुंबईस मरण पावले.

त्यानंतर लवकरच १८५७ चे बंड झाले. उत्तर हिंदुस्थानात साहेब लोकांबरोबर कित्येक देशी ख्रिस्ती बांधवही मारले गेले. मराठवाड्यातही त्याची झळ लागली. औरंगाबादेस निजामाच्या दिमतीच्या इंग्रजी अमलाखालील घोडदळात जून १८५७ मध्ये उठाव झाला व तो कठोरपणे मोडण्यात आला. देशी ख्रिस्ती मनुष्य त्या वेळी दोन आगींच्या मध्ये सापडला होता. देशबांधव त्यास परक्यांच्या पक्षाचा समजत, आणि परके लोकही त्यास आपल्या बरोबरीचा मानीत नसत. आज आमच्यापैकी ज्यांना अशीच कोंडी वाटते, त्यांनी हे विसरू नये की, ही वाट आपण पहिल्यानेच चालत नाही.

अशा वेळी मुंबईसारख्या सुरक्षित व सुखसोयीच्या शहरी राहून विद्यालयात शिकविणे, ही गोष्ट कोणालाही निंद्य वाटली नसती. परंतु १८६० नंतर थोड्याच वर्षांत नारायणरावांनी आपला मुक्काम जालन्यास हलविला.

जालन्यास आगमन

त्या वेळचे जालना डोळ्यांपुढे आणावे. कुंडलिका नदीच्या काठचे हे जुने व्यापारी गाव निजामाच्या राज्यात होते. गावाबाहेर १८२७ साली वसविलेली फौजेची छावणी होती. आगगाडी येण्यास आणखी सुमारे पस्तीस वर्षे अवकाश होता. बैलगाडीने काळ्या जमिनीचा चिखल तुडवीत, नदीनाले उतरत प्रवास करावा लागे. दरबारी भाषा फारशी. कायदा इंग्रजी मुलुखाचा नव्हता, तेव्हा ख्रिस्ती मनुष्यास संरक्षण काय ते देवाचे व दिवाणाच्या मर्जीचे. हाच मुलूख समर्थ रामदासांचाही होय, कारण त्यांचे जन्मस्थान जांब हे गाव आजच्या जालना जिल्ह्यातच आहे. ज्या मातीत भक्तीचे इतके शब्द उच्चारले गेले, त्याच मातीत गावकुसाबाहेर एक दुसरे जग पसरलेले होते.

ते जग मांगवाड्याचे व महारवाड्याचे. ज्यांस आज आपण मातंग बंधू म्हणतो त्यांस त्या वेळी मांग म्हणत. दोर वळावा, केरसुण्या बांधाव्या, लग्नात वाजप करावे, मेलेले जनावर ओढून न्यावे, आणि मोबदल्यात शिळे अन्न व खळ्यावरचे सांडलेले धान्य घ्यावे, असे त्यांचे जिणे होते. गावात चोरी झाली की पहिला संशय त्यांच्यावर. विहिरीच्या पायरीवर पाऊल ठेवण्याची त्यांस मनाई. त्यांची सावलीसुद्धा विटाळाची.

हे दुःख त्याच समाजातील एका मुलीने लिहून ठेविले आहे. पुण्यास जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे हिचा मांगमहारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ज्ञानोदय या मिशनच्या पत्रात छापला गेला. पेशवाईत आपल्या लोकांस जमिनींवरून कसे हुसकून दिले, त्यांचे जीव किती स्वस्त लेखले गेले, आणि ज्यांस धर्मग्रंथाकडे पाहण्याचीही मनाई त्यांनी आपला धर्म तरी कोणता म्हणावा, असे त्या लहान मुलीने विचारले होते. ज्या जोतीरावांनी तिला शिकविले ते स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले होते, हेही येथे सांगण्यासारखे आहे.

त्या मुलीच्या प्रश्नास उत्तर देण्याची जबाबदारी कोणाची होती? ज्यांच्या पूर्वजांनी दार लाविले होते, त्यांच्याच वंशजांची ती प्रथम होती. नारायणराव हे ब्राह्मण. ज्या कुळाच्या मनुष्याने मांगाची सावली टाळावी, असा शतकांचा नियम होता, त्या कुळाचा हा मनुष्य जालन्याच्या परिसरात मांगवाड्यात जाऊन बसू लागला. त्यांच्यापाशी तो उठला बसला, त्यांच्या मुलांस त्याने अक्षरे शिकविली, त्यांच्या प्रेताबरोबर तो गेला. शुभवर्तमान प्रथम ज्यांनी मनापासून स्वीकारिले ते हेच लोक होते.

नहेम्याच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात, यरुशलेमेचा कोट पडला हे ऐकून नहेम्याने प्रथम काय केले, हे आमच्या वाचकांस आठवत असेल. त्याने शत्रूंस दोष दिला नाही. त्याने आपली व आपल्या बापाच्या घराण्याची पातके देवापुढे कबूल केली. देशावरील संकटाचे मूळ शोधू लागले म्हणजे दुसऱ्याच्या घरी शोधणे सोपे असते. नारायणरावांनी ते आपल्या जन्मजातीच्या घरी शोधिले, व ज्या हातांनी पूर्वी दूर लोटिले होते तेच हात पुढे केले.

बेथेल

येथे एक अडचण उभी राहिली. मांगवाड्यातील जे कुटुंब ख्रिस्ती होई, त्यास गावचे काम बंद होई. पोटाची वाट बंद झाली म्हणजे मनुष्य एक तर डगमगतो किंवा मिशनच्या पैशावर लोंबकळतो. केवळ उपदेशाने ही गाठ सुटणारी नव्हती. ज्यास उभे राहण्यास वीतभर जमीन नाही, त्यास ताठ उभे राहा असे सांगण्यात अर्थ काय? नारायणरावांनी ठरविले की, या लोकांस जमीन मिळाली पाहिजे.

त्या वेळी निजामाचे दिवाण नवाब सर सालार जंग हे होते. १८५३ पासून १८८३ पर्यंत तीस वर्षे त्यांनी कारभार पाहिला. राज्याचे जिल्हे पाडून वसुलीची व न्यायाची नीट व्यवस्था लावण्याचे श्रेय त्यांस दिले जाते. नारायणरावांनी या दिवाणांकडे दाद मागितली, आणि निजाम सरकारकडून त्यांस जालन्याजवळ जमीन मिळाली. आमच्या वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. एक ब्राह्मण कुळात जन्मलेला ख्रिस्ती पाळक, मुसलमान राज्याच्या दरबारात जाऊन, गावकुसाबाहेरच्या लोकांसाठी जमीन मागतो, आणि ती त्यास मिळते. जेथे जात, धर्म व राज्य या तिन्ही भिंती उभ्या होत्या, तेथे प्रामाणिक मागणीने दार उघडले. नहेम्यासही परक्या राजाने पत्रे व लाकूड दिले होतेच. अन्य धर्माच्या मनुष्याच्या हृदयातही देव न्यायबुद्धी ठेवितो, आणि ती ओळखून तिच्याकडे नम्रतेने व निर्भयतेने दाद मागणे हा विश्वासाचाच भाग होय.

त्या जमिनीवर जे गाव वसले त्यास नारायणरावांनी बेथेल हे नाव दिले. बेथेल म्हणजे देवाचे घर. उत्पत्तीच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात, घर सोडून निघालेला व भावाशी ताटातूट झालेला याकोब उघड्या माळावर धोंडा उशाला घेऊन निजला आणि तेथेच त्याला देवाचे दर्शन झाले, म्हणून त्याने त्या जागेस हे नाव दिले. ज्याने स्वतः घर व भाऊ गमाविला होता, त्या सेवकाने माळरानावर हेच नाव ठेवावे, यात आम्हांस काही नवल वाटत नाही.

बेथेल येथे घरे ओळीने बांधिली, विहिरी खणिल्या, शाळा काढिली, प्रार्थनामंदिर उभारिले आणि शेते नांगरली. ज्याच्या बापाने जन्मभर दुसऱ्याच्या बैलासाठी दोर वळला, तो आता स्वतःच्या बैलाच्या मानेवर जू ठेवू लागला. ज्या बाईस विहिरीपासून दूर उभे राहून कोणी पाणी वाढील म्हणून वाट पाहावी लागे, ती आपल्या हाताने पोहरा सोडू लागली. हे शब्द लिहिण्यास सोपे आहेत. परंतु ज्यांच्या घरी आजीपणजीच्या तोंडून जुन्या गोष्टी ऐकिलेल्या आहेत, त्यांस त्या पोहऱ्याची किंमत कळेल.

ख्रिस्ती लोकांची निराळी गावे वसवावी की त्यांस आपल्या मूळ गावीच राहू द्यावे, याविषयी मिशनरी मंडळीत त्या काळी मतभेद होता व तो निराधार नव्हता. निराळे गाव म्हणजे आश्रय खरा, पण तेच उद्या कुंपण होऊ शकते. आपण आत, बाकीचे जग बाहेर, अशी सवय जडली तर मीठ बरणीतच राहते, अन्नात उतरत नाही. म्हणून बेथेलचे नाव घेताना आम्ही त्याच्या कुंपणाची आठवण ठेवू नये, त्याच्या विहिरीची ठेवावी.

दुष्काळ

१८७६ साली दक्षिणेत पाऊस गेला. त्यानंतरची दोन वर्षे या देशाच्या इतिहासात महादुष्काळाची म्हणून प्रसिद्ध आहेत. नगर, पुणे, सोलापूर हे जिल्हे व त्यांस लागून असलेला निजामाचा मुलूख, तसेच मद्रास व म्हैसूर प्रांत, यांत हाहाकार उडाला. साऱ्या देशात मेलेल्यांची संख्या पन्नास लाखांहून अधिक असल्याचा अंदाज आहे. गुरे विकली गेली, माणसे भाकरीसाठी गाव सोडून निघाली, आणि सर्वांत आधी व सर्वांत अधिक मेले ते भूमिहीन लोक. कारण दुष्काळात धान्य अगदी नाहीसे होते असे नाही. ते महाग होते, आणि ज्याच्यापाशी ना जमीन ना मजुरी, त्याच्यापर्यंत ते पोचत नाही.

येथे बेथेलच्या विचाराचे मर्म कळते. दुष्काळ पडल्यावर मूठभर धान्य वाटणे हे दयेचे काम होय, व ते केलेच पाहिजे. परंतु दुष्काळ पडण्यापूर्वी गरिबाच्या नावावर जमीन असणे, त्या जमिनीत विहीर असणे आणि त्याच्या मुलास हिशेब वाचता येणे, ही दया अधिक दूरदृष्टीची. नारायणरावांनी बेथेलची खटपट सुरू केली तेव्हा लोक त्यास मिशनचे एक काम समजत असतील. दुष्काळाने दाखविले की, ते साऱ्या देशाचे काम होते.

परदेशप्रवास व अखेर

१८७३ सालच्या ऑक्टोबरात अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरी निरनिराळ्या देशांतील ख्रिस्ती मंडळ्यांची मोठी परिषद भरली. तीत नारायणराव आपल्या पागोट्यासह व देशी पोशाखासह उभे राहिले आणि हिंदुस्थानाविषयी बोलले. त्या प्रवासात त्यांनी बेथेलच्या कामासाठी मदतही मिळविली. पुढे पाश्चात्य विद्वानांनी त्यांस डॉक्टर ही पदवी देऊन गौरविले. ज्यास मुंबईत जातीने टाकिले, त्याचे परदेशी इतके आगत स्वागत झाले. तेथेच राहून सुखाने दिवस काढणे त्यास अवघड नव्हते. परंतु ते परत जालन्यास आले, आणि त्यांचे नाव अखेरपर्यंत जालन्याशीच जोडलेले राहिले. १८९१ साली त्यांनी इहलोक सोडला.

त्यांच्यामागे काळ पुष्कळ पालटला. आगगाडी आली, छावणी मोडली, १९४८ साली निजामाचे राज्य संपून मराठवाडा मुक्त झाला, १९७० साली उत्तर भारतातील अनेक मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, व १९८१ साली जालना हा निराळा जिल्हा झाला. राजे गेले, साहेब गेले, मिशनचा पैसाही गेला. परंतु प्रश्न मात्र तोच उरला आहे की, देश संकटात असता ख्रिस्ती मनुष्याने काय करावे?

आम्ही काय शिकावे

पहिला बोध असा की, ख्रिस्ती मनुष्याने आपल्या लोकांस सोडू नये. आम्हांस कोणी परके म्हटले म्हणून आम्ही परके होत नाही. आम्ही स्वतःच मनाने गाव सोडले, तरच परके होतो. बाबेलास पकडून नेलेल्या लोकांस यिर्मया संदेष्ट्याने पत्र लिहून कळविले की, त्यांनी तेथे घरे बांधावी, मळे लावावे आणि त्या नगराच्या कल्याणासाठी झटावे व प्रार्थना करावी. परक्या नगरासाठी जर ही आज्ञा, तर आपल्या जन्मभूमीसाठी किती अधिक! सन १९७२ च्या दुष्काळात व पुन्हा २०१२ आणि २०१३ साली जालना जिल्ह्याने पाण्यासाठी जे हाल सोसले, ते सर्वांनी मिळून सोसले. टँकर आला तेव्हा त्याने कोणाचा धर्म विचारला नाही. मंडळीच्या आवारात विहीर किंवा बोअर असेल, तर तिचे पाणी प्रथम कोणास द्यावे, याचे उत्तर आमच्या मते स्पष्ट आहे. ज्याच्या घरी हंडा रिकामा आहे त्यास द्यावे, मग तो आमच्यावर रुसलेला का असेना.

दुसरा बोध असा की, अन्यायाविरुद्ध दाद मागणे हे अविश्वासाचे लक्षण नव्हे. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती एका धर्मापुरत्या ठेविल्या गेल्या. पुढे १९५६ साली शीख व १९९० साली बौद्ध बांधवांचा त्यांत समावेश झाला, पण ख्रिस्ती झालेले मातंग व महार बाहेरच राहिले. बेथेलच्या परंपरेतील कित्येक कुटुंबांस याची झळ लागली आहे. कोणी याच कारणाने कागदावर एक नाव व मंडळीच्या वहीत दुसरे नाव ठेवितात. त्यांस दूषण देणे सोपे आहे, पण आमचा हात त्यांवर दगड उचलण्यास धजत नाही. तथापि आम्ही म्हणतो, की या बाबतीत नारायणरावांचा मार्ग धरावा. ते सत्य लपवून दरबारात गेले नाहीत. आपण कोण, कोणासाठी मागतो व काय मागतो, हे उघडपणे सांगून त्यांनी जमीन मागितली. आम्हीही कायद्याच्या वाटेने, सहीनिशी अर्ज करून, पुन्हा पुन्हा आणि सत्य बोलून दाद मागावी. वेळ लागेल, पण खोट्याच्या पायावर बांधलेले घर मुलांच्या कामास येत नाही.

तिसरा बोध सर्वांत कठीण आहे. २०२३ साली आपल्याच जिल्ह्यातील आंतरवाली सराटी येथे आरक्षणाच्या मागणीवरून उपोषण चालले असता लाठीमार झाला व साऱ्या राज्यात आंदोलन पेटले. त्यानंतर कित्येक गावांत पिढ्यान्‌पिढ्यांचे शेजारी एकमेकांकडे संशयाने पाहू लागले. कोणाची मागणी किती योग्य, हे ठरविणे या पत्राचे काम नव्हे. परंतु अशा वेळी आमच्या उपदेशकांनी व मंडळीच्या वडिलांनी काय करावे, हे सांगणे आमचे काम आहे. चावडीवर, चहाच्या दुकानात किंवा मोबाईलवर आलेली खोटी बातमी पुढे ढकलू नये. दोन्ही बाजूंच्या घरी जाणे चालू ठेवावे. ज्याच्याशी गावाने बोलणे टाकले त्याच्याशी बोलावे. नारायणरावांनी जातीची भिंत पाडण्यासाठी आपली स्वतःची जात खर्ची घातली होती. आम्ही जर मंडळीत बसून, हा मातंगांचा बाक, हा महारांचा बाक, असा भेद मनात राखू, लग्नसंबंधाच्या वेळी जुनी जात चाचपून पाहू, तर गावास समेट शिकविण्याचा आम्हांस अधिकार उरणार नाही. न्याय देवाच्या घरापासून सुरू होतो.

शेवटी एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करितो. नारायणरावांनी साऱ्या हिंदुस्थानाचे दुःख दूर केले नाही. त्यांनी जालन्याजवळच्या एका माळावर काही विहिरी खणिल्या, एक शाळा चालविली, आणि काही शे लोकांस माणसांसारखे उभे केले. देशाचे संकट डोंगराएवढे दिसते तेव्हा आपले हातपाय गळतात. परंतु देव कोणास सारा डोंगर उचलावयास सांगत नाही. तो आपल्यास एक माळ दाखवितो. आपल्या गावचा माळ कोणता, हे प्रत्येक मंडळीने येत्या प्रभुवारी प्रार्थनेनंतर एकत्र बसून ठरवावे. कोठे ती बंद पडलेली रात्रीची शाळा असेल, कोठे गाळाने भरलेली विहीर असेल, कोठे दोन भावकींतील जुने भांडण असेल. ते ठरले म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी फावडे घेऊन निघावे. प्रभू येशू ख्रिस्त, ज्याने आपल्या नगराकडे पाहून अश्रू ढाळिले, तो आमच्या मंडळ्यांस आपल्या देशाविषयी तसेच हृदय देवो, अशी आमची प्रार्थना आहे.